गजांच्या अलीकडचे

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याजवळचे, चिपळूण तालुक्यातले अलोरे गाव नावारूपाला आले ते कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे. पलीकडे पोफळीचे भूमिगत वीजगृह, जवळच कोळकेवाडीचे धरण आणि अलोऱ्यात प्रकल्पाची वसाहत. त्यामुळे कोकणातल्या या कोपऱ्याला नोकरदाराची संघटना म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे फलक, द्वारसभा, काळ्या फिती, मागण्यांची निवेदने हे सगळे इथल्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. जानेवारी २०२३ मध्ये खासगी कंपनीला समांतर वीज परवाना देण्याच्या हालचालींविरुद्ध राज्यभरातील वीज कर्मचाऱ्यांनी तीन दिवसांचा संप पुकारला. सरकारने अत्यावश्यक सेवांचा मेस्मा कायदा लावला, संघटना मागे हटल्या नाहीत, संपाच्या पहिल्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि संप मिटला. वीज ही अत्यावश्यक सेवा आहे, तिच्याशिवाय रुग्णालय चालत नाही आणि लोकलही धावत नाही. तरीही ती पुरवणाऱ्यांना संघटना नसावी असे कुणी गंभीरपणे म्हणत नाही. याच अलोऱ्यात अलोरे-शिरगाव पोलीस ठाणे आहे. तिथला शिपाई मात्र असा फलक लावू शकत नाही.

पोलीस ठाण्यापासून पुढे जाणाऱ्या साखळीत आणखी एक माणूस असतो आणि तो गावाला कधीच दिसत नाही. ठाण्याने आरोपीला अटक केली, चिपळूणच्या न्यायालयात उभे केले आणि न्यायालयीन कोठडी सुनावली गेली की बहुधा रत्नागिरीच्या विशेष कारागृहाचा रस्ता धरावा लागतो. या प्रवासात आरोपीला भेटणाऱ्या माणसांची यादी करून पाहावी. वकिलांचे बार असोसिएशन आहे. न्यायालयातल्या कारकुनाची संघटना आहे, सरकारी डॉक्टरांची मॅग्मो आहे, एसटीच्या चालकाला तर कुठल्या युनियनची पावती फाडावी हा प्रश्न पडावा इतक्या युनियन आहेत. आवाज नाही तो दोन खाकीवाल्यांना, कैद्याला नेण्याआणण्याच्या ‘कैदी पार्टी’वर गेलेल्या पोलिसाला आणि त्याच्याकडून कैद्याचा ताबा घेणाऱ्या कारागृह शिपायाला. त्यातही पोलिसाबद्दल वर्तमानपत्रांतून अधूनमधून लिहून येते, त्याच्या घरांचा प्रश्न विधानसभेत निघतो. कारागृह शिपायाबद्दल काही छापून आलेच तर ते कोठडीत मोबाइल सापडला म्हणून. मराठीत तुरुंगात लिहिलेल्या आणि तुरुंगावर लिहिलेल्या वाङ्मयाची परंपरा मोठी आहे. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, विनोबांची गीता प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली, आणि रत्नागिरीचा तुरुंग लोकांना ठाऊक आहे तो सावरकरांच्या कोठडीमुळे. हे सारे गजांच्या पलीकडून आलेले आहे. अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्यात वाट्याला आली ती क्रूर पहारेकऱ्याची किंवा फार तर कनवाळू शिपायाची छोटीशी भूमिका.

कारागृह कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त, सरकारशी अधिकृत बोलणी करणारी संघटना असावी, तिला संपाचा हक्क नसावा, आणि त्या न दिलेल्या हक्काच्या बदल्यात तिला बंधनकारक लवाद मिळावा, असे माझे म्हणणे आहे. ही मागणी कर्मचाऱ्यांच्या पगारापुरती नाही. तुरुंगातल्या कैद्याला माणसासारखे वागवले जाण्याची शक्यता या तरतुदीवाचून फारशी नाही, म्हणून मी ती मांडतो आहे.

आधी कायद्यात कारागृह शिपायाची जागा कुठे आहे ते पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. राज्यघटनेच्या कलम ३३ने संसदेला सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. त्याच्या आधारे १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पूर्वपरवानगीशिवाय पोलिसाने कामगार संघटनेचे सदस्य व्हायचे नाही, वर्तमानपत्रांशी बोलायचे नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याच्या परिशिष्टात कोणते कर्मचारी येतात याची यादी आहे आणि ती आहे पोलिसांविषयीच्या कायद्यांची. तुरुंगांचा कायदा तिच्यात नाही. म्हणजे कारागृह शिपाई हा इतर सरकारी नोकरासारखाच, आणि सरकारी नोकराला संघटना करण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच ओ. के. घोष खटल्यात स्पष्ट केले. सरकारने मान्यता दिली नाही म्हणून संघटनेत जायचेच नाही हा नियम तेव्हा न्यायालयाने रद्दबातल ठरवला. इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग अडचण काय? अडचण औद्योगिक कायद्यात आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ कोण हे ठरवताना सैनिकांना वगळले आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात पोलीस सेवेतील व्यक्ती व तुरुंगातील अधिकारी किंवा अन्य कर्मचारी यांना एका दमात वगळले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे वगळणे तसेच पुढे नेले. तुरुंगात टंकलेखन करणारा कारकूनही यातून सुटत नाही, कारण शब्द ‘अन्य कर्मचारी’ असा आहे.

थोडक्यात, हक्क काढून घेण्याच्या वेळी कारागृह शिपाई पोलिसाच्या पंगतीत बसवला जातो आणि पोलिसाला मिळणाऱ्या प्रतिष्ठेच्या, घरांच्या, लोकांच्या सहानुभूतीच्या वेळी त्याला उठवून बाहेर काढले जाते. त्याला संघटना करायला कायद्याने थेट मनाई नाही, पण केलेल्या संघटनेला कुठल्याही टेबलावर खुर्ची नाही. मनाईपेक्षा ही स्थिती सरकारच्या अधिक सोयीची आहे. मनाई केली तर तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते, पण न दिलेल्या खुर्चीविरुद्ध कुठे जाणार?

या मानसिकतेचे मूळ पाहायचे तर १८९४चा तुरुंग कायदा उघडावा. त्याचे ५४वे कलम दुय्यम कर्मचाऱ्यांच्या अपराधांविषयी आहे. कर्तव्यात कसूर, हेतुपुरस्सर हलगर्जीपणा, भ्याडपणा यांच्या रांगेतच त्यात आणखी एक अपराध बसवला आहे, परवानगीशिवाय किंवा दोन महिने आधी लेखी सूचना दिल्याशिवाय काम सोडणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत न सांगता नोकरी सोडली तर पगार कापतात. इथे नोकरी सोडणारा स्वतःच गजांआड जाऊ शकतो. याच कायद्याचे २३वे कलम त्याहून बोलके आहे. ज्या कैद्यांना तुरुंगाचे अंमलदार म्हणून नेमले असेल त्यांना लोकसेवक समजावे, असे ते म्हणते. पुरेशी माणसे नेमण्यापेक्षा कैद्यांपैकीच काहींच्या हाती अधिकार देऊन काम भागवण्याची ही ब्रिटिश काटकसर स्वातंत्र्यानंतरही आपण सोडलेली नाही. केंद्राने २०२३ मध्ये नवा आदर्श कायदा राज्यांकडे धाडला. शिपायाला काय वाटते हे विचारण्याची रीत मात्र जुन्या कायद्यात नव्हती आणि अजूनही पडलेली नाही.

आता प्रत्यक्ष काम. तुरुंगाचा दिवस गिनतीने सुरू होतो आणि गिनतीने संपतो. संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी कैदी मोजले जातात, प्रत्येक बराकीचा आकडा वहीत चढतो, रुग्णालयात किती, न्यायालयातून परतलेले किती, स्वयंपाकघरात किती, सगळ्यांची बेरीज त्या दिवशीच्या एकूण संख्येशी जुळवली जाते. एकाचा फरक आला की पुन्हा पहिल्यापासून. आकडा जुळल्याशिवाय पाळी सुटत नाही. कागदावर साठ माणसांसाठी असलेल्या बराकीत शंभर माणसे असली तर हे मोजणे किती वेळ चालेल, आणि ते करणारा शिपाई एकटा असेल तर त्याच्या मनाची अवस्था काय होईल, हे समजायला तुरुंगात जावे लागत नाही. आदर्श कारागृह नियमावलीचा दंडक सहा कैद्यांमागे एक रक्षक असा आहे. पण रक्षक तीन पाळ्यांत वाटले जातात, रजेवर असतात, आजारी पडतात, कुणाला रुग्णालयात कैद्यावर पहारा द्यावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कैदी कच्चे, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. महाराष्ट्रातली गर्दी तर क्षमतेच्या दीडपटीहून अधिक. त्याच वेळी देशभरात मंजूर पदांपैकी साधारण तीस टक्के पदे रिकामी. कैदी वाढले तर त्यांना नाकारता येत नाही, न्यायालयाचा हुकूम असतो. पदे भरण्याबाबत असा हुकूम कुणी कुणाला देत नाही. सगळा ताण मधल्या माणसावर येतो आणि त्याला शिपायांच्या भाषेत ‘डबल ड्युटी’ म्हणतात.

हे काही नवे शोध नाहीत. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३ साली देशभरातील तुरुंगांची हलाखी आणि कर्मचाऱ्यांची दुरवस्था दोन्ही सविस्तर मांडल्या होत्या. पस्तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला न्यायमूर्ती अमिताव रॉय यांची समिती नेमावी लागली आणि तिच्यापुढेही रिकाम्या पदांचा प्रश्न तसाच उभा होता. समित्या शिफारशी करतात आणि त्यांचा कार्यकाळ संपतो. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मंत्रालयात जाऊन ‘त्या शिफारशीचे काय झाले?’ असे विचारणारे कायमस्वरूपी कुणीतरी लागते. शिक्षकांच्या बाबतीत ते काम त्यांच्या संघटना करतात, म्हणून शिक्षकांची रिक्त पदे हा राजकीय प्रश्न बनतो. तुरुंगाच्या बाबतीत ते काम कुणाचेच नाही. कैद्याला मत नाही आणि रक्षकाला मंच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चांगला अधिकारी आला तर संघटनेवाचूनही सुधारणा होतात. याचा ताजा दाखला मुंबई पोलिसांचा आहे. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायाने मांडली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे शहरातल्या अनेक ठाण्यांत ती पोहोचली. असे काम करता येते हे सिद्ध झाले, शिपाई खूश होते, कामही अडले नाही. मग आयुक्त बदलले, कोविड आला आणि ती घडी विस्कटली. हा प्रयोग आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो, पण मला तो उलट बाजूचा पुरावा वाटतो. एका माणसाच्या भलेपणावर आलेली सुधारणा तो माणूस गेल्यावर जाते, कारण ती टिकवण्यासाठी भांडण्याची मुभा तिचा लाभ घेणाऱ्यांनाच नसते. एक विसंगतीही इथे नोंदवतो. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या संघटना आहेत आणि त्या पत्रके काढतात, सहकाऱ्यांच्या बाजूने उभ्या राहतात. शिस्त बिघडण्याची भीती फक्त शिपायाच्या बाबतीतच वाटते.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे आणि तो इतिहासातून येतो. महाराष्ट्रात पोलिसांना संघटना होती. महाराष्ट्र राज्य पोलीस कर्मचारी संघटनेने कामाचे तास, घरे, अधिकाऱ्यांच्या घरची हरकामे असे प्रश्न उचलले. १५ ऑगस्ट १९८२ला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, १८ ऑगस्टला पहाटे नेत्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली आणि मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले. गिरणी संप ऐन भरात होता, लोकल बंद पडल्या, जाळपोळ झाली, सरकारला लष्कर बोलवावे लागले. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असतानाची ही घटना गृहखात्याच्या आठवणीत आजही ताजी आहे. पोलिसांबाबत असे झाले तर तुरुंगात काय होईल? रात्री पहारा उठला तर? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण १९८२ची गोष्ट सांगताना तिचा क्रम उलटा करू नये. दंगल झाली म्हणून अटका झाल्या असे नव्हे. आधी नेते उचलले गेले, मग लोक रस्त्यावर आले. ज्यांच्याशी बोलणी चालू होती ते तुरुंगात गेल्यावर जमावाला आवरायला कुणी उरले नाही. अमेरिकेत २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांतील रक्षक कामावर गेले नाहीत आणि सरकारला नॅशनल गार्ड पाठवावे लागले. तो संपही संघटनेने पुकारलेला नव्हता. संघटनेला डावलून रक्षक बाहेर पडले आणि दोन हजारांहून अधिक जणांची नोकरी गेली.

म्हणून संप नको हे मी मान्य करतो. तुरुंगात संप म्हणजे कैद्याचे जेवण, औषध आणि जीव पणाला लावणे आहे. पण संप काढून घेतला की त्याच्या जागी काही द्यावे लागते, हे जगाने मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७व्या कराराने सैन्य आणि पोलीस यांच्याबाबत निर्णय देशांवर सोपवला, पण तुरुंग कर्मचाऱ्यांना संघटनेचा हक्क असलाच पाहिजे अशी तिच्या संघटनास्वातंत्र्य समितीची भूमिका आहे. भारताने हा करार अद्याप स्वीकारलेला नाही. ब्रिटनचा अनुभव अधिक उपयोगी आहे. तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलीस आणि तुरुंग रक्षक यांची एकच युनियन होती. १९१८ आणि १९१९च्या पोलीस संपांनंतर ती मोडली गेली आणि तुरुंगातल्या संपकऱ्यांनाही नोकऱ्या गमवाव्या लागल्या. १९३९ मध्ये तुरुंग अधिकाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९९४च्या कायद्यामुळे तिला संप करता येईना. मग २००१ मध्ये सरकारने वेतनाचा आढावा घेणारे स्वतंत्र मंडळ नेमले. पुढे काटकसरीच्या धोरणात रक्षकांची संख्या चौथ्या हिश्शाहून अधिक घटली, तुरुंगांतील मारामाऱ्या आणि आत्महत्येचे प्रयत्न वाढत गेले, आणि संघटना ते आकडे सतत लोकांसमोर ठेवत राहिली. अखेर २०१६ मध्ये सरकारला अडीच हजार जादा रक्षक नेमण्याची घोषणा करावी लागली. संप न करता संघटना काय करू शकते त्याचा हा नमुना. काय करू शकत नाही तेही त्यातच दिसते, कारण मधल्या काळात कैद्यांचे हाल थांबले नव्हते.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त टोचतो. संघटना झाली की ती मारहाण करणाऱ्यालाही पाठीशी घालते. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या कैद्याचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा महिला कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. वाद सुरू झाला तो अंडी आणि पाव कमी पडल्यावरून. संघटना असती तर ती कुणाच्या बाजूने उभी राहिली असती? अमेरिकेतले दाखले उत्साह वाढवणारे नाहीत. कॅलिफोर्नियातील तुरुंग रक्षकांच्या बलाढ्य संघटनेने नव्वदच्या दशकात वारंवार गुन्हा करणाऱ्यांना जन्मठेपेसारख्या शिक्षा देणाऱ्या कायद्याला पाठबळ दिले. कैदी वाढले की तुरुंग वाढतात, तुरुंग वाढले की सभासद वाढतात, हे गणित तिला उत्तम जमले. न्यूयॉर्क शहराच्या तुरुंग रक्षक संघटनेचे अध्यक्ष नॉर्मन सीब्रूक सभासदांचा पैसा लाच घेऊन एका गुंतवणूक कंपनीकडे वळवल्याबद्दल २०१८ मध्ये दोषी ठरले. तरीही शेट्ये प्रकरणातली एक गोष्ट नजरेआड करू नये. मंजुळा शेट्ये या स्वतः कैद्यांमधून नेमलेल्या वॉर्डर होत्या. म्हणजे १८९४च्या २३व्या कलमामागची तीच काटकसर, आणि रेशन मोजून देण्याचे काम एका कैद्याच्या गळ्यात. अशा ठिकाणी काय चालते याची बातमी बाहेर येते तेव्हा मृत्यू झालेला असतो. ज्या शिपायाला वरिष्ठाविरुद्ध तक्रार करायला जागा नाही, तो डोळ्यांदेखत झालेल्या मारहाणीविरुद्ध साक्ष देईल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? संघटनेने फौजदारी खटल्यात आरोपीचा खर्च उचलू नये, राजकीय पक्षाला निधी देऊ नये, शिक्षेच्या धोरणावर प्रचार करू नये, असे निर्बंध मान्यतेच्या अटींतच घालता येतात. कॅलिफोर्नियाचा धडा घ्यायचा तो असा. त्यासाठी संघटनाच नाकारायची तर सीब्रूकसारखी प्रकरणे सहकारी बँकांतही झाली आहेत, म्हणून सहकारी बँकाच नकोत असे कुणी ठरवले नाही.

राहिला तो व्यवहाराचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. १९६६ साली संसदेने पोलिसांच्या तोंडाला कुलूप घातले, त्याच वर्षी केंद्र सरकारने आपल्या इतर कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लामसलत यंत्रणा उभी केली. तिच्यात कर्मचारी आणि सरकार समोरासमोर बसतात, आणि वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास व रजा या तीन बाबतींत मतभेद राहिले तर ते बंधनकारक लवादाकडे जातात. कारागृह शिपायाला हव्या असलेल्या गोष्टी जवळजवळ सगळ्या या तीन सदरांत बसतात. तुरुंग हा राज्य सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राने अशी यंत्रणा कारागृह खात्यासाठी उभी करायची ठरवली तर दिल्लीची परवानगी लागत नाही, १९६६चा पोलीस कायदा आडवा येत नाही, आणि औद्योगिक संहितेत बदल होण्याची वाटही पाहावी लागत नाही, कारण हा लवाद त्या संहितेखालचा नसेल. पुण्यातल्या कारागृह मुख्यालयात वर्षातून चारदा बैठक व्हावी. एका बाजूला अपर पोलीस महासंचालक आणि वित्त विभागाचा प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला शिपाई, हवालदार, सुभेदार आणि तुरुंगाधिकारी यांनी गुप्त मतदानाने निवडून दिलेली माणसे, आणि येरवडा, नागपूर यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांबरोबर रत्नागिरीसारख्या लहान कारागृहालाही एक जागा. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका एका ओळीची असली तरी चालेल. प्रत्येक कारागृहात रात्रपाळीला कागदावर किती रक्षक आहेत आणि प्रत्यक्षात किती उभे असतात, हे दोन आकडे दर महिन्याला जाहीर करावेत.